तारेआधी चाकांवरून आलेली वीज : टुरिंग टॉकीजच्या ट्रकातील बॅटरी, डायनॅमो आणि वायरिंग

#थ्रेड

१/
वऱ्हाडातील अनेक खेड्यांत विजेचा खांब पोहोचण्याआधी वीज पोहोचली होती. ती ट्रकवर लादून येई, यात्रेपुरता मुक्काम करी आणि यात्रा उठली की पुढच्या गावी निघून जाई. टुरिंग टॉकीजच्या पडद्यावरील चित्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या चित्रामागे उभ्या असलेल्या विजेविषयी फारसे कोणी बोलत नाही. हा धागा त्या विजेचा.

२/
मोर्शी हे अमरावतीपासून सुमारे ५५ किलोमीटरवरील, सातपुड्याच्या पायथ्याचे तालुक्याचे गाव. अमरावती-नरखेड लोहमार्ग झाला तो या शतकात. तोवर इथे येणारी प्रत्येक नवी वस्तू सडकेनेच आली. याच तालुक्यात सालबर्डीला महाशिवरात्रीची यात्रा भरते. शेजारच्या चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन महिन्याहून अधिक काळ चालते.

३/
बहिरम म्हटले की हंडीतले मटण आणि रोडगे आठवतात, तिथल्या पशुबळीच्या प्रथेविरुद्ध गाडगेबाबांनी केलेले प्रबोधन आठवते, आणि जुन्या पिढीला तमाशाचे फड व तंबूतला सिनेमाही आठवतो. महिनाभर एका जागी टिकणारी गर्दी म्हणजे फिरत्या सिनेमासाठी हमखास प्रेक्षक. अडचण एकच होती : माळावर वीज नव्हती.

४/
चित्रपट मिळवणे तुलनेने सोपे होते. चित्रपट-व्यवसायाच्या नकाशावर 'सी.पी.-बेरार' हा वितरणाचा स्वतंत्र प्रदेश आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड हा प्रांत इतिहासजमा झाला, तरी व्यवसायाच्या भाषेत त्याचे नाव उरले. अमरावती आणि भुसावळ ही या व्यवहाराची ठाणी. फिल्मच्या पेट्या तिथून उचलता येत. उजेड मात्र सोबतच न्यावा लागे.

५/
म्हणून टुरिंग टॉकीजचा ट्रक हे केवळ मालवाहू वाहन राहिले नाही. अनेकदा प्रोजेक्टर ट्रकातच बसवलेला असे आणि ट्रकाचे तोंड फिरवून तंबूतल्या पडद्यावर प्रकाश सोडला जाई. हंगामभर कामगारांचे झोपणे, सामान, स्वयंपाकाची भांडी, सारे त्याच्याच आश्रयाने. घर, प्रक्षेपणगृह आणि वीजघर एका सांगाड्यावर. आज ज्याला कॅरव्हॅन म्हणतात, त्याचा हा कष्टकरी पूर्वज.

६/
या परंपरेची सुरुवात बैलगाडीपासून होते. दादासाहेब फाळके आपले चित्रपट, प्रोजेक्टर आणि पडदा बैलगाडीत घालून गावोगाव नेत. परतताना नाण्यांचे ओझे गाडीला जाणवे, असे सांगितले जाते. अब्दुल्लाली युसुफअली हे १९०८ ते १९१४ या काळात देशभर तंबू घेऊन फिरले. त्यांचा तंबू १०० फूट लांब व ५० फूट रुंद होता आणि त्यात सुमारे १००० माणसे मावत.

७/
एवढ्या माणसांना दिसेल असे चित्र पाडायचे, तर प्रखर प्रकाश हवा. विजेविना तो मिळवण्याचे मार्ग होते : चुन्याच्या कांडीवर वायूंची ज्योत सोडणे, किंवा ईथरचा दिवा. दोन्ही धोक्याचे. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमधील एका धर्मादाय मेळ्यात प्रोजेक्टरच्या ईथर-दिव्यामुळे आग भडकली आणि सव्वाशेच्या आसपास माणसे मेली.

८/
त्यातच तेव्हाची फिल्म नायट्रेटची, म्हणजे स्वतःच ज्वालाग्राही. सिनेमाविषयक कायद्यांचा उगम या भीतीत आहे. ब्रिटनचा १९०९ चा कायदा मुळात आगीच्या प्रतिबंधासाठी होता. हिंदुस्थानातील १९१८ च्या कायद्यात चित्रपटांच्या तपासणीबरोबर प्रेक्षकांच्या सुरक्षिततेसाठी परवान्याची अट आली. तंबूवाल्यासाठी वीज ही हौस नव्हती. ज्योतीपासून सुटका होती.

९/
हा विजेचा प्रकाश देणारे साधन म्हणजे कार्बन आर्क. दोन कार्बनच्या कांड्या क्षणभर टेकवून किंचित दूर केल्या की त्यांच्यामधल्या फटीत डोळे दिपवणारा प्रकाश निर्माण होतो. कांड्या जळत जातात, म्हणून ऑपरेटर त्या सतत पुढे सरकवत राहतो. या आर्कला एका दिशेने वाहणारी वीज, म्हणजे डी.सी., मानवते. दाब थोडा लागतो, प्रवाह मात्र भरपूर.

१०/
किती भरपूर? ५० व्होल्ट आणि ४० अँपिअर धरले, तर २००० वॅट. तीन तासांच्या चित्रपटाला ६ युनिट. आता १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची ट्रकची बॅटरी पाहू : तिच्यात साठते जेमतेम १.२ युनिट. बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, हे पथ्य पाळले तर एका खेळाला १० बॅटऱ्या लागतील. म्हणजे बॅटरीवर आर्क चालवणे अशक्यप्राय. त्यासाठी इंजिन आणि डायनॅमोच हवा.

११/
मग बॅटरीचे काम काय? शिसे आणि गंधकाम्ल यांची पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केली. १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या संयुगाचा लेप दिलेल्या पट्ट्या वापरून ती व्यवहारोपयोगी केली. मोटारीत ती स्थिरावली ती १९१२ च्या कॅडिलॅकमुळे. चार्ल्स केटरिंगच्या सेल्फ-स्टार्टरने हँडल मारण्याचा जाच संपवला.

१२/
त्या रचनेत एक वर्तुळ पूर्ण झाले. बॅटरी इंजिन सुरू करते, इंजिन डायनॅमो फिरवते, डायनॅमो बॅटरी भरतो. वाहन धावत राहील तोवर हे वर्तुळ अखंड राहते. चालत्या वाहनासाठी आखलेली ही व्यवस्था उभ्या वाहनाला मात्र पुरत नाही. टुरिंग टॉकीजच्या आणि आजच्या कॅरव्हॅनच्याही बहुतेक विद्युत्-अडचणींचे मूळ इथे आहे.

१३/
तंबूत बॅटरीला मानाचे स्थान मिळाले ते बोलपटामुळे. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' झळकला. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' आला. फिल्मच्या कडेला असलेल्या ध्वनिपट्टीवर एक लहान दिवा प्रकाश टाकतो, पलीकडील फोटोसेल त्या प्रकाशाचे चढउतार टिपतो आणि अँप्लिफायर त्यांचा आवाज करतो. या छोट्या दिव्याचे नाव एक्साइटर.

१४/
एक्साइटरला दिशा बदलणारी वीज, म्हणजे ए.सी., दिली तर त्याच्या तेजात सूक्ष्म थरथर येते. फोटोसेलला थरथर आणि गाणे यांतला फरक कळत नाही; सबंध चित्रपटभर कर्ण्यातून 'घूं' असा आवाज येत राहतो. डायनॅमोची वीजही पुरेशी संथ नसे. संथ वीज फक्त बॅटरी देई. म्हणून आरंभीच्या ध्वनियंत्रणांत बॅटऱ्या असत. मूकपटाच्या तंबूचे 'टॉकीज' होणे हा एका अर्थी बॅटरीचा प्रवेश होता.

१५/
बॅटरीचे दुसरे काम जाहिरातीचे. दुपारी टांग्यावर किंवा बैलगाडीवर कर्णा बांधायचा, शेजारी अँप्लिफायर आणि मोटारीची बॅटरी ठेवायची, आणि गल्लोगल्ली रात्रीच्या खेळाची हाक घालायची. संध्याकाळी तीच बॅटरी परत तंबूत. दिवसभर बोलून थकलेल्या बॅटरीला खेळाआधी भरणे हे रोजचे काम होऊन बसले. तालुक्याच्या गावी 'बॅटरी चार्जिंग'ची दुकाने दिसू लागली, ती अशाच गरजांतून.

१६/
आर्कसाठी ऑइल इंजिन. इंग्लंडची लिस्टर आणि पेटर ही इंजिने देशभर पसरली होती. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि देशी इंजिन हाताशी आले. विहिरीवर पाणी उपसणारे, गिरणीत पीठ दळणारे आणि तंबूत सिनेमा दाखवणारे इंजिन एकाच जातकुळीचे. त्यामुळे दुरुस्ती जाणणारा माणूस खेड्यातही सापडे.

१७/
ट्रक आले ते मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या महायुद्धानंतर. लष्कराने विकून टाकलेली वाहने बाजारात आली आणि अनेक लहान धंदे त्यांच्यावर उभे राहिले. त्यांत जीपसारख्या अमेरिकी वाहनांची विद्युत्-व्यवस्था ६ व्होल्टची असे. इंजिन सुरू करणे आणि समोरचे दिवे लावणे यांपुरती ती पुरे. त्याच तारांवर बिऱ्हाड चालवू लागताच तिची मर्यादा उघडी पडली.

१८/
६० वॅटचा भार ६ व्होल्टवर १० अँपिअर ओढतो. १२ व्होल्टवर ५. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह निम्मा झाला की नुकसान एक-चतुर्थांश. म्हणूनच १९५० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकी मोटारी १२ व्होल्टकडे वळल्या. जुन्या वाहनाचा असा कायापालट करायचा, तर बॅटरी, डायनॅमो, कटआउट, बल्ब सारेच बदलावे लागे.

१९/
डायनॅमोचा आणखी एक दोष : इंजिन संथ चालत असताना तो फारशी वीज देत नाही. अल्टरनेटर हे काम अधिक चांगले करतो. १९६० च्या सुमारास स्वस्त सिलिकॉन डायोड आल्यावर तो मोटारींत शिरला. भारतीय वाहनांत डायनॅमो त्यानंतरही बराच काळ टिकला. यात्रेत महिनाभर उभा असलेला ट्रक, संथ इंजिन आणि डायनॅमो : बॅटरी उपाशी राहण्याची सगळी सोय.

२०/
उतरलेली बॅटरी तशीच पडू दिली की पट्ट्यांवरील लेड सल्फेटचे स्फटिक टणक होतात आणि पुन्हा विरघळत नाहीत. वर वऱ्हाडचा उन्हाळा. पारा ४५ च्या पुढे जातो, पाणी आटते आणि झीज वाढते. तापमान १० अंशांनी चढले की बॅटरीचे आयुष्य निम्मे, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. म्हणून डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणि आम्लाची घनता मोजणारे हायड्रोमीटर ही दोन साधने बॅटरीवाल्याच्या हातून सुटत नसत. घनता १.२६ च्या वर असली की बॅटरी भरलेली.

२१/
खरा कस लागे तो पावसाळ्यात. तंबू गुंडाळले जात, ट्रक घरी येत आणि चार महिने दुरुस्ती चाले. जुन्या तारांवर रबराचे वेष्टण व त्यावर सुती विणकाम असे. उन्हाने व इंजिनाच्या उष्णतेने ते रबर कडक होई, तडकून गळे, आणि उघडी तार लोखंडी सांगाड्याला टेके. महायुद्धोत्तर काळात पी.व्ही.सी.चे वेष्टण आले. जुन्या ट्रकातील सर्वांत मोलाची सुधारणा बहुधा हीच, आणि ती प्रेक्षकाला कधीच दिसली नाही.

२२/
दुसरा अदृश्य शत्रू गंज. मोटारीत विजेची जाणारी वाट तारेतून आणि परतीची वाट सांगाड्याच्या लोखंडातून असते. जोडाशी गंज चढला की परतीची वाट अरुंद होते, दिवा मिणमिणतो, आणि दोष बॅटरीच्या माथी मारला जातो. नवी बॅटरी घेऊनही उजेड जुनाच राहतो. अर्थिंगचा बोल्ट घासून आवळणे हा या विकारावरचा उपाय. खर्च जवळजवळ शून्य, पण तो सुचायला अनुभव लागे.

२३/
याच काळात सरकारी सिनेमाही चाकांवरून आला. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली. पंचवार्षिक योजनांच्या प्रचारासाठी १९५३ मध्ये उभारलेली यंत्रणा पुढे क्षेत्रीय प्रचार संचालनालय म्हणून ओळखली गेली. तिच्या गाड्यांत १६ मिलिमीटरचे प्रोजेक्टर असत. आर्कऐवजी साधा बल्ब, न भडकणारी फिल्म आणि छोटा जनरेटर. वीज कमी लागावी म्हणून यंत्रच लहान करणे, हा सुधारणेचा दुसरा मार्ग.

२४/
१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. अकोला जिल्ह्यात पारसचे औष्णिक केंद्र उभे राहिले, आणि वाहिन्या हळूहळू खेड्यांत शिरल्या. तंबूवाल्याला खांबावरून जोडणी मिळू लागली; पण ती ए.सी. होती, आणि आर्क डी.सी. मागत होता. मधे रेक्टिफायर आला. आता एकाच ट्रकात २३० व्होल्टची नवी वीज आणि १२ व्होल्टची जुनी वीज शेजारी शेजारी नांदू लागल्या.

२५/
हा टप्पा सर्वांत धोक्याचा होता. १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये झालेली चूक फ्यूज उडवते किंवा तार जाळते. २३० व्होल्टची चूक माणूस घेते. लोखंडी सांगाडा, ओली जमीन आणि गर्दी. जमिनीत खोलवर पुरलेला अर्थिंगचा दांडा, दोन्ही व्यवस्थांच्या वेगळ्या वाटा आणि जनरेटर व बाहेरची वीज एकाच वेळी जोडली जाणार नाही असा चेंजओव्हर, ही तीन पथ्ये ज्याने पाळली तो खरा वायरमन.

२६/
खांब आला तरी जनरेटर सुटला नाही. २००० नंतरच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले आणि यात्रेतील करमणूक पुन्हा डिझेलवर गेली. दरम्यान प्रेक्षकच आटत होता. १९८० च्या दशकात दूरदर्शन आणि व्हिडिओ घरोघर पोहोचले. मग फिल्मच संपू लागली : फुजीफिल्मने २०१३ मध्ये चित्रपटांसाठीच्या फिल्मचे उत्पादन थांबवले, आणि पेटीतल्या रिळांची जागा संगणकी फाइलने घेतली.

२७/
डिजिटल प्रोजेक्टरला स्थिर दाबाची स्वच्छ वीज लागते. डगमगत्या जनरेटरवर आर्क कसाबसा तग धरी. संगणक धरत नाही. महाराष्ट्रातील फिरत्या सिनेमाच्या या अखेरच्या पर्वावर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केला. २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. जुने ट्रक एकेक करून भंगारात निघाले. त्यांच्यासोबत त्यांच्या तारा ओळखणारी माणसेही दुसऱ्या कामांना लागली.

२८/
आणि नेमके याच सुमारास घर वाहून नेणारे वाहन नव्या रूपात परतले. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅरव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. अशा वाहनांच्या तपासणीसाठी ए.आय.एस.-१२४ हे मानक आहे. जुनी बस किंवा व्हॅन घेऊन तिच्यात पंखा, फ्रिज, सौर पट्ट्या आणि लिथियम बॅटरी बसवण्याची हौस वाढते आहे. प्रश्न तेच आहेत जे बहिरमच्या माळावर उभ्या असलेल्या ट्रकापुढे होते.

२९/
आजची कॅरव्हॅनची बॅटरी बहुधा लिथियम-आयर्न-फॉस्फेटची. तिचे मूळ १९९६-९७ मधील जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतील संशोधनात असून, त्यावरील मूळ शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाधी. ही बॅटरी वजनाला हलकी आणि जवळजवळ पूर्ण उतरवली तरी चालणारी. तिचा अंतर्गत रोध मात्र अत्यल्प असतो. जुन्या अल्टरनेटरला ती थेट जोडली तर ती त्याची सगळी शक्ती ओढून घेते, आणि संथ इंजिनावर अल्टरनेटर तापून जळतो. म्हणून मधे प्रवाहाला लगाम घालणारा डी.सी.-टू-डी.सी. चार्जर हवा.

३०/
शतकभराचा हा क्रम एकत्र पाहिला की एक गोष्ट लक्षात येते. ज्योतीच्या जागी आर्क, ६ च्या जागी १२ व्होल्ट, डी.सी.शेजारी ए.सी., शिशाच्या जागी लिथियम : दर वेळी नवा स्रोत जुन्या तारेला जोडण्याचा मोह झाला, आणि दर वेळी त्या जोडावरच संकट उभे राहिले. म्हणून जुन्या वाहनात कामाचा क्रम उलटा हवा. आधी तारांची जाडी, मग बॅटरीलगतचा फ्यूज, मग अर्थिंग, मग चार्जर. नवी बॅटरी सर्वांत शेवटी.

३१/
हे नियम आज पुस्तिकांत छापलेले मिळतात. वऱ्हाडातील यात्रांत ते ऑपरेटर, इंजिनवाले आणि वायरमन यांच्या हातांत होते. त्यांची नावे पोस्टरवर आली नाहीत, आणि त्यांच्या वह्या कोणी जपल्या नाहीत. मोर्शी, परतवाडा, चांदूर बाजार या भागात ज्यांच्या घरी असा एखादा म्हातारा हात अजून आहे, त्यांनी त्याच्याकडून ट्रकाच्या वायरिंगचा नकाशा काढून घ्यावा; कोणती तार कुठून कुठे जात होती, एवढे जरी कागदावर उतरले तरी ते वऱ्हाडच्या विजेच्या इतिहासाचे अस्सल साधन ठरेल.